उसना उपग्रह

आमच्या हापिसात ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ या प्राण्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नाही. सकाळी स्टेटस विचारणारा, दुपारी एक्सेल शीटमधले चौकोन हिरवे-पिवळे-लाल करणारा आणि संध्याकाळी क्लायंटला "वुई आर ऑन ट्रॅक" असं सांगणारा माणूस, अशी आमची साधारण व्याख्या. मीही याच मताचा होतो आणि बऱ्याच अंशी अजून आहे. पण गेले दोन-तीन वीकांत भारताच्या अवकाश कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल वाचत बसलो, आणि तिथे दोन मराठी प्रोजेक्ट मॅनेजर भेटले. त्यांच्याकडे रॉकेट नव्हतं, उपग्रह नव्हता, आणि जो मिळाला तो ठरल्या तारखेला परत द्यायचा होता. अशा परिस्थितीत माणूस नेमकं काय ‘मॅनेज’ करतो, हा आजचा विषय.

पहिले एकनाथ वसंत चिटणीस. जन्म १९२५, कोल्हापूर. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत विश्वकिरणांवर काम, मग अमेरिकेत एमआयटी, आणि विक्रम साराभाईंनी बोलावलं म्हणून परत. थुंब्याच्या रॉकेट तळाची जागा शोधण्यापासून ते या उद्योगात होते. शंभरी पूर्ण करून २०२५ साली पुण्यात वारले. दुसरे प्रमोद काळे, जन्म १९४१, पुणे. फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे अहमदाबादला साराभाईंकडेच. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, त्या वेळच्या चमूत बाविशीचा हा मुलगा होता. (बाविशीत मी काय करत होतो ते विचारू नका. कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी.)

आता गोष्ट कराराची. आणि करार म्हटलं की आमच्या गावाचा विषय निघणारच.

मी अंजनगाव सुर्जीचा. अमरावती जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याशी, पानमळे आणि पानपिंपळीचं गाव. पुण्यात नव्वद टक्के लोकांना हे गाव माहीत नसतं. उरलेल्या दहा टक्क्यांना माहीत असतं ते एमपीएससीच्या अभ्यासामुळे, कारण ३० डिसेंबर १८०३ ला इथे दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात ‘सुर्जी अंजनगावचा तह’ झाला. असई हरली, अडगाव हरलं, गाविलगड पडला आणि मग शिंद्यांचे वकील आर्थर वेलस्लीसमोर बसले. गंगा-यमुनेचा दोआब गेला, दिल्ली-आग्र्याकडचा ताबा गेला, भडोच गेलं, अहमदनगर गेलं. हातात काहीच शिल्लक नसताना सही करायची वेळ आली की करार कसा होतो, ते बघायचं असेल तर हा तह वाचावा.

त्यानंतर १६६ वर्षांनी, १८ सप्टेंबर १९६९ ला, भारताच्या अणुऊर्जा विभागानं अमेरिकेच्या नासाबरोबर एक करार केला. तेव्हाही आपल्या हातात फारसं काही नव्हतं. इस्रोची स्थापना होऊन जेमतेम महिना झालेला. स्वतःचा एकही उपग्रह नाही. पण या वेळी कराराचा मसुदा शांतपणे, गरज काय आहे हे ओळखून केलेला दिसतो. नासा एटीएस-६ नावाचा एक मोठा प्रायोगिक उपग्रह सोडणार होती. तो एक वर्षासाठी, रोज चार तास, भारताकडे वळवायचा. त्यावरून भारतातल्या खेड्यांत थेट टीव्ही दाखवायचा. अमेरिकेनं आकाशातलं बघायचं, जमिनीवरचं सगळं भारतानं: पाठवणारी केंद्रं, गावातले टीव्ही संच, छत्र्या, दुरुस्ती आणि कार्यक्रमसुद्धा. या प्रयोगाचं नाव साइट, म्हणजे उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग.

अमेरिकेला यात काय मिळत होतं? थोडा परोपकार, थोडं राजकारण (चीननं १९६४ मध्ये अणुस्फोट केला होता), आणि बराचसा तांत्रिक फायदा. एटीएस-६ ची खासियत म्हणजे त्याची नऊ मीटर व्यासाची, आकाशात जाऊन उघडणारी छत्री. वर मोठी छत्री असली की खाली लहान चालते. हे खरंच चालतं का, ते तपासायला एक मोठा देश हवा होता, जिथे हजारो गावांत टीव्हीच नाही. असा देश अर्थातच उपलब्ध होता.

साराभाई हे सगळं बघायला राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९७१ ला कोवलमला त्यांचं निधन झालं. (तारीख बघा, तहाचीच. योगायोग आहे, पण आमच्या गावच्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.) पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राची धुरा यशपाल यांच्याकडे आली. चिटणीस साइटचे प्रोग्रॅम मॅनेजर, आणि काळे तंत्रज्ञानाच्या बाजूला.

आता माझ्यासारख्या आयटीवाल्यानं या प्रकल्पाकडे बघावं. आमच्याकडे डेडलाइन म्हणजे वाटाघाटीची सुरुवात असते. यूएटी लांबलं, गो-लाइव्ह दोन आठवडे पुढे, क्लायंट चिडतो, चेंज रिक्वेस्ट येते, गाडी पुढे जाते. साइटमध्ये हे शक्यच नव्हतं. उपग्रह ३० मे १९७४ ला उडाला. पहिलं वर्ष अमेरिकेच्या स्वतःच्या प्रयोगांचं, अलास्का आणि रॉकी पर्वतातल्या वस्त्यांसाठी. मग तो सरकवत आफ्रिकेच्या वर, ३५ अंश पूर्व रेखांशावर आणला. १ ऑगस्ट १९७५ ला प्रक्षेपण सुरू, ३१ जुलै १९७६ ला बंद. जमिनीवरची तयारी एक महिना मागे पडली, तर तो महिना शेवटी जोडून मिळणार नव्हता. तो गेलाच.

आणि जमिनीवरची तयारी म्हणजे काय, तर २,४०० गावं. सहा राज्यं, वीस जिल्हे. गावं मुद्दाम मागास भागातली निवडलेली. प्रत्येक गावात एक संच आणि त्याला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री. हा माझा सगळ्यात आवडता भाग. वर अमेरिकेची सगळ्यात प्रगत छत्री आणि खाली कोंबडीजाळी, आणि दोन्ही मिळून एकच यंत्रणा. संच हैदराबादच्या ईसीआयएलनं बनवले. कित्येक गावांत वीज नाही, तिथे बॅटरी. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. भाषा चार: हिंदी, ओडिया, तेलुगू, कन्नड.

संच बसवणं हा सोपा भाग असावा. कोणत्याही सिस्टिमबद्दल मला विचाराल तर खरं काम गो-लाइव्हनंतर सुरू होतं, आणि आमच्या धंद्यात सपोर्ट टीमला नेहमीच कमी पगार आणि कमी मान मिळतो. इथे उलट होतं. दुरुस्तीची केंद्रं, गाड्या, सुटे भाग, पावसाळ्यात रस्ता नसलेल्या गावात पोचायचं कसं, हे सगळं आधी आखलं होतं. गावं समूहानं निवडली, त्यामागे हाही विचार होता की दुरुस्ती करणारा माणूस एका फेरीत चार गावं करू शकेल. वर लोकांवर काय परिणाम होतो ते बघायला समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ गावात जाऊन राहिले. आपण ‘युजर रिसर्च’ म्हणतो आणि पाच जणांना झूम कॉलवर बोलावतो.

नकाशा बघितला तर एक गोष्ट खटकते. पूर्वेला रायपूर, दुर्ग, बिलासपूर. दक्षिणेला विजापूर, गुलबर्गा, रायचूर. तेलंगणात मेदक, महबूबनगर. मधला महाराष्ट्र कोरा. चालवणाऱ्यांत कोल्हापूर-पुण्याची माणसं, पण मराठीत एक मिनिटाचा कार्यक्रम नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं होतं, पुण्याला सिंहगडावरून १९७३ ला दिसू लागलं होतं, पण त्याचा वऱ्हाडाला काय उपयोग? मुंबईचा मनोरा सातपुड्यापर्यंत पोचत नाही. सहाच राज्यं घ्यायची होती आणि भाषांची मर्यादा होती, हे कळतं. तरी.

मग ३१ जुलै १९७६ ला नासानं उपग्रह परत नेला. करारात होतं तसंच.

ही गोष्ट मी गेल्या दिवाळीत गावी काकांना सांगत होतो. उसन्या उपग्रहाचं कौतुक करत होतो खरं म्हणजे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून बे, पोट्ट्यायले खेळनं दाखोलं अन् वर्सभरात काढून घेतलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, आणि साइटवर जे कौतुकाचे लेख येतात त्यात या प्रश्नाला एखादं वाक्य मिळतं. काही गावांजवळ पुढे जमिनीवरचे ट्रान्समीटर उभे राहिले. बाकीच्यांचे संच काळे झाले. पुढचा उपग्रह यायला सहा वर्षं लागणार होती. प्रकल्प म्हणून साइट वेळेत सुरू झाला, वेळेत संपला, उद्दिष्टं गाठली. क्लोजर रिपोर्ट झकास. पण १९७५ साली दुर्गजवळच्या एखाद्या गावात सकाळच्या कार्यक्रमाला बसणारी सात वर्षांची मुलगी पुढचा उपग्रह येईपर्यंत चौदा वर्षांची झाली. माझं मत असं, की साइट करायलाच हवा होता, पण संपताना पुढच्याची तारीख हातात असायला हवी होती. तशी ती नव्हती. इन्सॅटचा अभ्यास साठच्या दशकाच्या अखेरीपासून चालू होता. ह्यूज, जनरल इलेक्ट्रिक, एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्याबरोबर कागदावर बरंच काम झालं होतं. ऑर्डर मात्र निघाली जुलै १९७८ मध्ये, म्हणजे गावांतले पडदे बंद झाल्यावर दोन वर्षांनी.

मधेच एक छोटं विषयांतर, कारण ते आयटीवाल्यांसाठीच आहे. १९७४ ला इस्रोनं फ्रान्सच्या एसईपी कंपनीबरोबर वायकिंग इंजिनाच्या तंत्रज्ञानाचा करार केला. मोबदला कशात दिला? मुख्यतः मॅन-इयर्समध्ये! आपल्या अभियंत्यांनी फ्रान्समध्ये त्यांच्या प्रकल्पावर एकूण शंभर मनुष्य-वर्षं काम करायचं, त्या बदल्यात इंजिनाचं तंत्रज्ञान मिळणार. आम्ही ज्याला बॉडीशॉपिंग म्हणून नाकं मुरडतो तेच हे, फक्त बिल डॉलरमध्ये न लावता ड्रॉइंगमध्ये लावलं. त्या ड्रॉइंगचं पुढे ‘विकास’ इंजिन झालं, जे मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्येही बनतं. २०२३ ला चांद्रयान-३ ज्या रॉकेटवर गेलं त्याच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिनं होती. मॅन-मंथ मोजण्यात आयुष्य घालवणाऱ्या माझ्या पिढीला शंभर मॅन-इयर्समध्ये एवढं काही विकत घेता येतं हे माहीत असायला हरकत नाही. असो.

तर इन्सॅट-१. कंत्राट कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या फोर्ड एअरोस्पेसला. इथे भूमिका उलटतात. आपण इथे पुण्यात बसून अमेरिकन क्लायंटचं काम करतो. तेव्हा भारत क्लायंट होता आणि पालो आल्टोवाले व्हेंडर. इन्सॅट-१ च्या आकाशातल्या भागाचा प्रकल्प सांभाळायला प्रमोद काळे. इस्रोची माणसं व्हेंडरच्या दारात बसून डिझाइन रिव्ह्यू करत होती, आणि त्या वेळी इस्रोनं स्वतः बनवलेला एकच उपग्रह आकाशात गेला होता, आर्यभट्ट, १९७५ चा, तोही सोव्हिएत रॉकेटवरून. ज्यानं स्वतः एकदा कोड लिहिलाय तोच क्लायंट नेमके प्रश्न विचारतो, हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे.

क्लायंट एक नव्हता, हीच खरी अडचण. टपाल-तार खात्याला फोनचे ट्रान्सपाँडर हवे. दूरदर्शन-आकाशवाणीला प्रक्षेपण हवं. हवामान खात्याला ढगांचे फोटो हवे. तीन खाती आणि वरून अवकाश विभाग, सगळ्यांचा मिळून एकच उपग्रह, कारण तीन परवडणार नव्हते. एका भूस्थिर उपग्रहात हे तिन्ही एकत्र बसवणं तेव्हा जगात कोणी करत नव्हतं.

यातल्या हवामानाच्या कॅमेऱ्याची एक अट होती. त्याचा अवरक्त किरण टिपणारा संवेदक अतिशय थंड ठेवावा लागतो आणि त्यासाठी त्याच्या कूलरला रिकाम्या, काळ्या अवकाशाकडे तोंड करून बसावं लागतं. शेजारी सौर पॅनेलचा तापलेला पंखा नको. त्यामुळे सगळे उपग्रह जसे दोन पंखांचे असतात तसा हा झाला नाही. सगळी पॅनेलं एकाच बाजूला. पण मग सूर्यप्रकाशाचा जो बारीकसा दाब पडतो तो एकाच बाजूला पडणार आणि उपग्रह हळूहळू कलणार. उपाय म्हणून दुसऱ्या बाजूला एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला ‘सोलर सेल’, म्हणजे प्रकाशाचं शीड. एका खात्याच्या गरजेपोटी एक जास्तीचा हलणारा भाग. आकाशात जाऊन उलगडायचा, आणि अडकला तर हात लावायला कोणी नाही.

इन्सॅट-१ए १० एप्रिल १९८२ ला अमेरिकेच्या डेल्टा रॉकेटवरून गेला. शीड उघडलं नाही. उपग्रह सरळ ठेवण्यासाठीचं इंधन संपलं आणि सप्टेंबरमध्ये, जेमतेम पाच महिन्यांत, तो सोडून द्यावा लागला. आयुष्य सात वर्षांचं धरलं होतं.

अशा वेळी पोस्टमॉर्टेम मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, की ती हवामानवाल्यांची रिक्वायरमेंट घ्यायलाच नको होती. मलाही वाचताना पहिल्यांदा तेच वाटलं. स्कोप कमी करा, फेज टूला ढकला. पण १९ नोव्हेंबर १९७७ ला आंध्रच्या किनाऱ्यावर, दिवीसीमेला, चक्रीवादळ आलं आणि दहा हजारांहून जास्त माणसं गेली. ऑर्डर निघायच्या आठच महिने आधी. वादळ समुद्रात कुठे आहे हे अर्ध्या-अर्ध्या तासाला वरून दिसणं, ही रिक्वायरमेंट कोणत्या मीटिंगमध्ये कोण खोडणार? त्यामुळे शीड राहिलं. पुढच्या उपग्रहातही तेच डिझाइन गेलं, आणि माझ्या मते हाच या सगळ्या कहाणीतला सगळ्यात धाडसी निर्णय आहे. पहिल्याचं शीड अडकलं म्हणून कूलर काढला नाही.

इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ च्या रात्री चॅलेंजर शटलमधून निघाला. शटलचं ते पहिलंच रात्रीचं उड्डाण, आणि ते रात्री होतं ते आपल्या उपग्रहाला ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी सोडायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी गायन ब्लूफर्ड या अंतराळवीरानं त्याला बाहेर सोडलं. सौर पॅनेलनं इथेही त्रास दिला, काही दिवस सगळ्यांचे श्वास अडकले, मग ते सुटलं. हा उपग्रह आपलं पूर्ण आयुष्य जगला. १९८४ ला काही महिने देशात जवळजवळ रोज एक टीव्ही ट्रान्समीटर सुरू होत होता, तो याच्याच जिवावर. त्याच वर्षी काळ्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या गल्लीतला पहिला टीव्ही वडिलांना आठवतो तो ‘रामायण’च्या वेळचा, म्हणजे १९८७. साइटनं वगळलेल्या वऱ्हाडात टीव्ही आला तो असा, बारा वर्षं उशिरा.

पुढचा १सी शटलनंच जायचा होता आणि त्याच्याबरोबर एक भारतीय अभियंताही. एन. सी. भट निवडले गेले, राखीव म्हणून पी. राधाकृष्णन. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटलं आणि ते तिकीट रद्द झालं. १सी अखेर जुलै १९८८ ला युरोपच्या एरियानवरून गेला. वर गेल्यावर निम्मी वीज गेली आणि १९८९ च्या नोव्हेंबरात तोही हातचा गेला. १डी जून १९९० ला पुन्हा डेल्टावरून. चार उपग्रह, तीन वाहतूकदार, त्यातले दोन उपग्रह अर्ध्या वाटेत मेलेले. हा डॅशबोर्ड आमच्या स्टिअरिंग कमिटीसमोर ठेवला असता तर प्रकल्प नक्की बंद झाला असता.

पण तोपर्यंत व्हेंडरच्या दारात दहा वर्षं बसलेली माणसं घरी आली होती. इन्सॅट-२ए जुलै १९९२ ला गेला, तो इस्रोनं स्वतः बनवलेला. त्यालाही पॅनेलं एकाच बाजूला आणि दुसऱ्या बाजूला तेच ते शीड. उघडलं.

आता अलीकडचं. नासा आणि इस्रोनं २०१४ मध्ये पुन्हा एक करार केला, निसार उपग्रहाचा. एल-बँड रडार आणि बारा मीटरची उघडणारी छत्री अमेरिकेची. एस-बँड रडार अहमदाबादच्या त्याच अवकाश उपयोग केंद्राचं. उपग्रहाचा सांगाडा आणि रॉकेट आपलं. २०२४ ला सगळं बेंगळुरूत जोडून तयार असताना लक्षात आलं की मिटलेल्या अवस्थेत छत्री प्रमाणाबाहेर तापू शकते. म्हणून ती काढली, विमानात घातली, लेप द्यायला कॅलिफोर्नियाला परत पाठवली, आणि ती ऑक्टोबरमध्ये परत आली. या वेळी थांबायचं किती ते दोघांनी मिळून ठरवलं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला. छत्री ऑगस्टमध्ये उघडली. तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो, जमीन किती सेंटिमीटर खचली आणि मातीत ओल किती आहे ते मोजत. या वेळच्या नकाशात महाराष्ट्र कोरा नाही.